देवाच्या नावात लक्ष्मी, सातबारावर का नाही?

नीरा जिथे भीमेला मिळते त्या टोकावर नरसिंहपूर आहे. पुणे जिल्हा तिथे संपतो. नीरेच्या पलीकडे माळशिरस, भीमेच्या पलीकडे माढा, दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले तालुके. घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले की देऊळ. देवस्थानाचे नाव श्री लक्ष्मी-नरसिंह. जोडप्याचे नाव आहे, आणि त्यातही आधी तिचे.

आसपासच्या तालुक्यांतल्या कितीतरी घरांचे हे कुलदैवत. लग्न झाले की नवे जोडपे पाया पडायला येते. त्या दिवसापासून सून घराण्याची झाली असे आपण म्हणतो. ती कुळाची होते, कुळधर्माची होते, घरच्या कामाची होते. घरच्या जमिनीची मात्र होत नाही. तिच्या माहेरीही तिची जमीन नसते, कारण तिथे ती 'दिल्या घरची' झालेली असते. देवाच्या पाटीवर लक्ष्मीचे नाव आधी, आणि घरच्या सातबाऱ्यावर ते शेवटीही नाही. जिल्हा बैठकीला येणाऱ्या प्रत्येक शेतकरी भावाने आणि मायबहिणीने हा विषय या खेपेला डोक्यात घेऊन यावे, म्हणून हा लेख.

दिल्लीत आणि मुंबईत स्त्री-पुरुष समानतेची धोरणे होतात. त्यांची जाहिरात होते, भाषणे होतात, आठ मार्चला सत्कार होतात. ही धोरणे गावात येईपर्यंत त्यांचे काय होते, हे तपासायला फार पुस्तके चाळावी लागत नाहीत. आपापल्या घरचा सातबारा काढून बघितला की पुरते.

कष्ट कोणाचे, नाव कोणाचे

आपल्या भागातला एक उसाचा फड डोळ्यासमोर आणा. बेणे तोडायला बाई, लागणीला बाई, खुरपायला बाई, खत टाकायला बाई. बांधणीला गडी. रात्रीची वीज आली की पाणी द्यायला गडी जातो, आणि तो आजारी असला किंवा नोकरीला असला तर तीच बॅटरी घेऊन बांधावर उभी राहते. दोन संकरित गाई दारात असतात. शेण, वैरण, धारा तिच्याकडे. डेअरीवर कॅन नेणे तेवढे पोराकडे. दुधाचा पगार कोणाच्या खात्यात आणि उसाचे बिल कोणाच्या नावावर, हे विचारायची गरज नाही.

ऊस तोडायला मराठवाड्यातून टोळ्या येतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसे राबतात आणि मोजदाद एकाची होते. मुकादमाची उचल सहसा नवऱ्याच्या हातात पडते, आणि ती फेडायला मात्र दोघांचे हात लागतात. ज्या शब्दात बाई दिसतच नाही, त्या शब्दावर साखरेचा सगळा हंगाम चालतो.

सरकारी आकडे हेच सांगतात. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीप्रमाणे देशातल्या ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी चारात तीन शेतीत आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र एकूण वहितीदारांमध्ये स्त्रिया शंभरात चौदाच भरल्या, आणि त्यांच्याकडचे क्षेत्र शंभरात बाराच्याही आत. राबणाऱ्या पुष्कळ, धारक थोड्या. त्या थोड्यांतही अनेकींचे नाव नवरा वारल्यावर लागलेले असते. म्हणजे कपाळाचे कुंकू गेल्यावर सातबारावर नाव येते. जिवंतपणी अर्धांगी आणि मेल्यावर वारस, असा हा हिशेब आहे.

नाव नसले की काय जाते

काही भाऊ म्हणतील, नावात काय आहे? घर तिचेच आहे की. तर नावात काय आहे ते बघू.

प्रधानमंत्री किसान सन्मान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये जमिनीच्या नोंदीवर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. पीककर्ज, पीकविमा, ठिबकचे अनुदान, सगळ्यांची पहिली अट सातबारा. आता शेतकरी ओळख क्रमांक निघाला आहे, तोही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. ज्या बाईने तीस वर्षे खुरपे धरले ती या क्रमांकापुरती शेतकरी नाही. साखर कारखान्याचे उत्पादक सभासदत्व मिळवायलाही कार्यक्षेत्रात स्वतःची जमीन लागते. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर दोन जागा बायकांना कायद्याने राखीव आहेत. पण सभासदांच्या यादीतच बाया मोजक्या असतील, तर त्या दोन जागांवर कोणाच्या घरातल्या जाणार हे सभासदांना चांगले माहीत आहे.

तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गासाठी बारामती-इंदापुरातल्या जमिनी गेल्या. मोबदला नोंदीवरच्या नावांना मिळतो. जमीन गेली तेव्हा घरातल्या बाईचे कामही गेले. पैसा आला तो तिच्या सहीशिवाय आला, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्या सहीशिवायच गेला. जीप आली, बंगल्याचा पाया खणला गेला, मग रक्कम संपली. सातबारावर तिचे नाव असते तर एक तरी सही तिच्याकडे मागावी लागली असती. बाप दारूत बुडाला, खासगी सावकाराने कागद पुढे केला, अशा वेळी ही एक सही घर वाचवते.

आणि सगळ्यात कडू गोष्ट. शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी मदतीसाठी कागद तपासतात. शेतात राबणाऱ्या बाईने जीव दिला तर ती 'शेतकरी' होती हे सिद्ध करताना घरच्यांची दमछाक होते, कारण जमीन तिच्या नावावर नव्हती. जगताना तिची मोजदाद झाली नाही आणि मेल्यावरही होत नाही.

कायदा कुठवर आला

दिल्लीने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. हिंदू कोड बिल रखडवले गेले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी ते एक होते. पुढे तुकड्या-तुकड्याने कायदे झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगी आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने वारसांच्या पहिल्या वर्गात घेतले. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क फक्त मुलग्यांचा ठेवला.

याचा अर्थ हिशेबाने समजून घ्या. आठ एकर वडिलोपार्जित रान. बाप, एक मुलगा, एक मुलगी. आई आधीच वारलेली. बाप वारला. जुन्या कायद्याने आधी बाप-लेकात मनातल्या मनात वाटणी धरायची, चार-चार एकर. मग बापाच्या चार एकरांचे दोन भाग, दोन मुलाला आणि दोन मुलीला. मुलगा सहा एकर, मुलगी दोन. कायद्याच्या पुस्तकात समानता आणि रानात तिप्पट फरक.

आंध्र प्रदेश, तामिळनाडू यांनी आधी दुरुस्ती केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. त्याच वर्षी राज्याचे महिला धोरण आले. देशातले अशा प्रकारचे ते पहिले धोरण, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार आपल्याच बारामतीचे. मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्या दुरुस्तीतून वगळले होते. मांडव पडला की हक्कही पडला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी जन्माने मुलाइतकीच हिस्सेदार ठरली. वरचे आठ एकर आता चार-चार झाले. शेतजमिनीबाबतचे काही राज्यांचे कायदे मुलींना बाजूला ठेवत. त्यांना आडोसा देणारे कलमही त्याच दुरुस्तीने काढले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात शेवटचा किंतुही मिटवला: ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असलाच पाहिजे अशी अट नाही. 'आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती' एवढ्या शब्दावर काम भागत नाही, भक्कम पुरावा लागतो, हेही न्यायालयाने सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र हात लागत नाही.

एक खोट अजून राहिली आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापांचा नंबर त्यानंतर. माहेरकडून वारशाने आलेली तेवढी माहेरी परत जाते. पुरुषाच्या बाबतीत असा सासरचा वाटा नसतो.

ओवाळणी आणि वाटा

कायदा झाला, मग सातबारे बदलले का? तलाठी कार्यालयाबाहेर, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर, तासभर बसून बघा. कायद्यानंतर जो कागद जोरात आला त्याचे नाव हक्कसोडपत्र. बाप वारला की वारसनोंदीत बहिणींची नावे लागतात, कारण आता लावावी लागतात. मग भाऊ बहिणीला सन्मानाने बोलावतो. साडीचोळी होते, पुरणपोळी होते, भाचरांना कपडे होतात. दुसऱ्या दिवशी गाडी करून सगळ्या बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, आणि संध्याकाळी त्या मोकळ्या हाताने सासरी.

ही सही तिने मनापासून केली असेल तर आम्हाला त्यात बोलायचे नाही. ज्या भावाने आईबाप सांभाळले, कर्ज फेडले, बहिणींची लग्ने केली, त्याच्यासाठी बहीण हक्क सोडते, तिचा तो मोठेपणा आहे. पण तिला विचारून पाहा, सही का केली? 'माहेर तुटेल म्हणून' हे उत्तर ज्या घरात येते तिथे तो मोठेपणा राहिला नाही, तिथे दमदाटी झाली. वाटा मागितला की दिवाळीचे बोलावणे बंद, एवढी एक भीती लाखो एकर जमिनीचा व्यवहार करते. माहेरच्या उंबऱ्याची किंमत दोन एकर रान, आणि ती फक्त बहिणीने भरायची, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

२०२४ मध्ये राज्य सरकारने लाडकी बहीण योजना आणली. महिन्याला १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात. या योजनेला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. कितीतरी बायांच्या हातात नवऱ्याला न विचारता खर्चायचे पैसे त्यामुळे पहिल्यांदा आले, औषधपाणी झाले, पोरांच्या वह्या आल्या. पण ही ओवाळणी आहे. ओवाळणी देणाऱ्याच्या मनावर आणि तिजोरीवर असते. निवडणूक आली की वाढते, तिजोरी आटली की चाळण लागते. वाट्याचे तसे नसते. वाटा देणाऱ्याच्या मर्जीवर नसतो, म्हणून तर तो कोणी सहज देत नाही. सरकार ओवाळणी घालते आणि घरातला भाऊ वाटा लिहून घेतो. बहीण दोन्हीकडे लाडकी, आणि दोन्हीकडे सातबाऱ्याबाहेर.

आधी चळवळ, मग परिपत्रक

बायकोचे काय? मुलीला जन्माने हक्क आला, पण नवरा हयात असताना त्याच्या जमिनीच्या नोंदीत बायकोचे नाव आपोआप येत नाही. इथे शेतकरी चळवळीने जे केले ते आठवले पाहिजे, कारण नव्या पोरांना ते ठाऊक नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन झाले. लाखांनी बाया आल्या. कांद्याच्या आणि कापसाच्या भावासाठी नवऱ्याबरोबर तुरुंगात गेलेल्या बायांनी तिथे आपला स्वतःचा प्रश्न मांडला. त्यातून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा आपण होऊन बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरे असे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातले विटनेर त्यात नावाजले. कोर्ट नाही, भांडण नाही, जाहीर सभेत नवऱ्याने कागद बायकोच्या हाती द्यायचा. शेतकऱ्याला शहरवाल्यांकडून आणि सरकारकडून घामाचे दाम हवे असतील, तर आधी आपल्या घरातल्या लक्ष्मीचे देणे फेडा, असा त्याचा साधा अर्थ होता.

दिल्ली-मुंबईला हे सुचले नव्हते, रानातल्या माणसांना सुचले. सरकार मागून आले. १५ सप्टेंबर १९९२ च्या महसूल खात्याच्या परिपत्रकाने लक्ष्मीमुक्ती योजना सरकारी झाली: नवऱ्याने अर्ज केला की त्याच्या हयातीत सातबारावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावावे. योजनेला तीस वर्षे उलटून गेली आणि आजही अनेक गावांत ती विचारली तर लोक एकमेकांकडे बघतात.

म्हणून धोरणाबद्दल आमचे म्हणणे असे: धोरण पाटासारखे असते. वरून पाणी सोडले तरी शेताचे दार उघडायचे काम शेतकऱ्याचे. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे. ज्याने चारी काढली त्याचे रान भिजले.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: जमिनीचे तुकडे होतील. चार मुलग्यांत वाटणी करताना कोणी तुकड्यांची चिंता करत नाही. मुलीचे नाव निघाले की धारणक्षेत्र आठवते. बायकोचे नाव नवऱ्याबरोबर लावताना तर एक गुंठाही वेगळा होत नाही. तुकड्यांचा प्रश्न खरा आहे, पण तो मुलीच्या जन्मामुळे झालेला नाही. शेती तोट्यात असल्याने दुसरा धंदा उभा राहत नाही आणि सगळे त्याच चार एकरांवर बसतात, हे त्याचे कारण.

दुसरा आक्षेप: सासरी गेलेली बहीण शेती कशी कसणार? प्रश्न रास्त आहे. भावानेच ती कसावी आणि बहिणीला खंड द्यावा, हे सगळ्यात सोपे उत्तर. पण लेखी खंडाला आपल्याकडे सगळे घाबरतात, कारण कूळकायद्याचा धाक अजून मनातून गेलेला नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाच्या आठवणी प्रत्येक गावात आहेत. त्यामुळे खंड तोंडी राहतो. तोंडी असल्याने कसणाऱ्याला कर्ज-विमा नाही आणि मालकिणीला भरवसा नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला होता. मालकी अबाधित आणि कसणाऱ्याला संरक्षण, असा खुला करार शेतकऱ्याला करता आला, तर त्याचा पहिला फायदा सासरी गेलेल्या बहिणीला आणि एकट्या विधवेला होईल. शेतकऱ्याचे स्वातंत्र्य आणि बाईचे स्वातंत्र्य इथे एकाच चाकोरीत येते.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा: वाटून घ्यायला आहे काय? कर्जच तर आहे. होय, तोट्यातल्या शेतीत वाटा म्हणजे तोट्यात वाटा. पण हाही हिशेब तिच्या कष्टांपासून सुरू होतो. २०१८ पासून केंद्र सरकार हमीभाव धरते तो ए-दोन अधिक घरची मजुरी यांच्या दीडपट. या 'घरच्या मजुरी'त सगळ्यात मोठा वाटा घरच्या बायांचा. गावात खुरपणीला बाईचा रोज गड्यापेक्षा कमी, घरच्या बाईला तर रोजच नाही. बाईचा घाम स्वस्त धरला की पिकाचा खर्च स्वस्त दिसतो, आणि पिकाचा खर्च स्वस्त दिसला की भाव कमी मिळतो. घरात आपण तिला जसे मोजतो तसेच दिल्ली आपल्याला मोजते. म्हणून घामाच्या दामाची आणि सातबारावरच्या नावाची लढाई वेगवेगळी नाही.

खुर्ची आणि जमीन

सत्तेतल्या वाट्याचीही हीच गोष्ट. आपल्या बारामती तालुक्यातल्या निंबूतला १९६३ मध्येच सगळ्या बायांची ग्रामपंचायत बसली होती. तेव्हा राखीव जागांचा कायदा जन्मालाही आला नव्हता. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. सुरुवातीला 'सरपंचपती' नावाचा नवाच प्राणी गावोगाव दिसू लागला, अजूनही दिसतो. पण ज्या बाया एकदा खुर्चीवर बसल्या त्यांतल्या पुष्कळजणींनी सही करण्याआधी कागद वाचायला मागितला, हेही आपण पाहिले आहे.

लोकसभा-विधानसभेत राखीव जागांचे विधेयक ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. ते एक मत शरद जोशींचे. लक्ष्मीमुक्ती मांडणारा माणूस विरोधात गेला याचे अनेकांना नवल वाटले. सोडतीने आणि फेरपालटाने मतदारसंघ राखीव ठेवले तर निवडून आलेली बाई आपला मतदारसंघ बांधू शकणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो पटो वा न पटो, मुद्दा विसरू नये: खुर्ची दिली म्हणजे बळ दिले असे होत नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने एकशे सहावी घटनादुरुस्ती केली आणि एक-तृतीयांश जागा मान्य केल्या. पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली, त्यामुळे २०२४ च्या दोन्ही निवडणुका जुन्याच वाटेने झाल्या.

त्याच २०२४ मध्ये बारामती लोकसभेत राखीव जागा नसतानाही दोन्ही प्रमुख उमेदवार बाया होत्या, एक घरची लेक आणि एक घरची सून. खरे घरचे कोण, लेक की सून, यावर चावडीचावडीवर वाद रंगले. ते घर आणि ते राजकारण ज्याचे त्याने बघावे. आम्ही फक्त वाद घालणाऱ्यांना एक विचारतो: आपल्या स्वतःच्या सातबारावर लेकीचे नाव आहे का? सुनेचे आहे का? दोन्ही नसतील तर वादातली आपली बाजू कोणती?

दिल्लीकडे मागणे

एक. शेतकरी कोण, याची व्याख्या बदला. डॉ. स्वामिनाथन यांच्या आयोगानंतर आलेल्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात जमीन नावावर असो वा नसो, कसणाऱ्याला शेतकरी म्हटले आहे. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयकही मांडले होते. ग्रामसभेच्या मान्यतेने बाईला शेतकरी असल्याचा दाखला मिळावा अशी त्यात सोय होती. २०१३ मध्ये ते तसेच व्यपगत झाले. ते पुन्हा आणा, आणि शेतकरी ओळख क्रमांक कसणाऱ्या बाईलाही द्या.

दोन. सरकार जी जमीन, घर किंवा मोबदला देते तो नवरा-बायकोच्या जोड नावानेच द्या. सहाव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९८० च्या सुमारास, जमीनवाटपाबाबत हे लिहिले गेले होते. भूसंपादनाच्या पैशालाही ते लावा.

तीन. हक्कसोडपत्र नोंदवताना सोडल्या जाणाऱ्या हिश्शाची चालू किंमत कागदावर लिहा आणि निबंधकाने ती बहिणीला एकटीला वाचून दाखवावी. सोडायचे असेल तर सोडू दे, पण काय सोडते ते कळू दे.

चार. मूल नसलेल्या बाईच्या कमाईचा वारसा सासरकडे नेणारे कलम बदला.

पाच. जमिनीचा खंड खुला आणि निर्धोक करा, आणि पिकाचा खर्च धरताना बाईचा रोज गड्याइतकाच धरा.

आणि घरी करायचे काम

दिल्ली ऐकेल तेव्हा ऐकेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग बापाचे नाव लिहायचा नियम राज्याने केला. पोरांच्या दाखल्यावर आई आली. आता तिला सातबारावर आणायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

काम अवघड नाही. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. ही फेरफाराची नोंद आहे, ती मालकीचा पक्का दस्त नव्हे, हेही समजून घ्या. जमीन स्वतः घेतलेली असेल तर बक्षीसपत्र जास्त भक्कम. बायकोला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. वडिलोपार्जित असेल तर मुलामुलींना विश्वासात घेऊन, जाणत्या वकिलाला विचारून करा. ज्या बायांच्या नावावर काही आहे त्यांनी मृत्युपत्र करून ठेवा.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना एक करा. घोषणांचे कागद आमच्याकडे आहेत, ते आणू नका. आपला चालू सातबारा काढून आणा आणि खिशात ठेवा. बैठकीत हमीभावावर बोलायला जो उभा राहील त्याने आधी तो उतारा सभेला दाखवावा. ज्याच्या उताऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव असेल त्याने पुढे बसावे. ज्याच्या उताऱ्यावर नसेल त्यानेही यावे, त्याला मागे बसवणार नाही. त्याने फक्त अर्ज लिहून द्यावा, आणि अर्जावर सही करताना बायकोला शेजारी उभे करावे.

मग दोघांनी मिळून नरसिंहपूरला जावे. देवाच्या नावात ती आधीपासून आहेच.